किचनरची शटरं, शहापूरचं स्वयंपाकघर

आमच्या गल्लीत माझ्या नावावर गेली सहा वर्षं एकच विनोद चालू आहे: किचन करायला पोरगा किचनरला गेला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा कसनुसा हसलो, आता कोणी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो. गाव खरंच आहे. कॅनडात, टोरांटोपासून शंभरेक किलोमीटरवर. पूर्वी त्याचं नाव बर्लिन होतं, कारण जर्मन वस्ती मोठी. पहिल्या महायुद्धात ते नाव लोकांना टोचायला लागलं, 1916 साली मतदान झालं, थोडक्या फरकानं निकाल लागला आणि बर्लिनचं किचनर झालं. तिथल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मला हे फार कौतुकानं सांगितलं. मनात म्हटलं, बाबा, हे तू मला सांगायलास? माझ्या जुन्या कागदांवर बेळगाव आहे, 2014 नंतरच्या कागदांवर बेळगावी आहे, आणि आईच्या तोंडात दोन्ही नाही. ती ‘पेठेत जाऊन येते’ म्हणते.

दाजी चारचौघांत ‘मेव्हणा कॅनडात इंटिरियरमध्ये आहे’ असं सांगतात. मी सुतार आहे. आजोबा सुतार होते, आप्पा सुतार आहेत, मी पण. फरक एवढाच, की खानापूर तालुक्यातल्या आमच्या सोप्यात आप्पांनी सागाच्या चौकटी, पाळणे, देव्हारे केले आणि मी सकाळी सातपासून शटरं करतो. दुकानाची नव्हे, स्वयंपाकघरातल्या कपाटांची. त्यातही दहातली सात-आठ एकाच पद्धतीची असतात. तिला तिकडं शेकर म्हणतात.

शेकर शटर दिसायला इतकं साधं आहे, की फोटो पाठवला तेव्हा आईनं विचारलं, “अजून व्हायचंय काय रे?” दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या पट्ट्या, मध्ये सपाट फळी. पाच तुकडे. नक्षी नाही, गोलाई नाही, कोयरी नाही. हे नाव एका धर्मपंथावरून आलंय. ॲन ली नावाची बाई 1774 साली इंग्लंडातल्या मँचेस्टरहून आठ माणसं घेऊन अमेरिकेला गेली, तिच्या मागं हा पंथ उभा राहिला. सगळे एकत्र राहायचे, संसार करायचा नाही, आणि हातातलं काम हीच प्रार्थना समजायची. बसवण्णांचं कायक ठाऊक असलेल्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको. वस्तूला जे लागत नाही ते वस्तूवर ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा. लग्नच नाही म्हटल्यावर पंथ आटत गेला. आता मेन राज्यातल्या सबाथडे लेकला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरलीत. आणि त्यांचं दार मात्र उत्तर अमेरिकेतल्या दर दुसऱ्या स्वयंपाकघरात, वर पुन्हा त्याला सोनेरी मुठी!

आप्पांना साधेपणाचं काही वाटलं नाही. त्यांना रंग खटकला. “लाकडाला रंग मारायचा तर लाकूड कशाला?” हा त्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. आमच्याकडे रंग म्हणजे झाकपाक. गाठ झाकायची, जोड झाकायचा, आंब्याची फळी सागाच्या भावात खपवायची. मी पण तसंच समजून गेलो होतो. तिथं कळलं, की रंग काही झाकत नाही, उलट चुगली करतो. पॉलिशच्या दारावर बारीक ओरखडा लाकडाच्या रेषांत हरवून जातो. पांढऱ्या रंगाच्या दारावर आतल्या कोपऱ्यात वाळलेला सरसाचा एक थेंबसुद्धा भिंतीवरच्या पालीसारखा दिसतो.

कामाची भाषा मला पहिल्याच आठवड्यात आली, आणि त्याचं श्रेय आजोबांना. कॅनडा कागदोपत्री मीटरवाला देश आहे, पण सुताराच्या टेपवर इंच आणि इंचाचे आठवे भाग. बाकीची नवी पोरं टेपवरच्या बारीक रेघा मोजत बसायची. माझ्या डोक्यात सूत होतं. एक इंच म्हणजे आठ सूत, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. पट्टीची जाडी सहा सूत, रुंदी सव्वादोन इंच. जाडीच्या बरोबर मधोमध खाच: दोन सूत भिंत, दोन सूत खाच, दोन सूत भिंत. खोली तीन सूत. आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच मापाचा कुसू, दोन सूत जाड, तीन सूत लांब. तो उभ्या पट्टीच्या खाचेत बसतो. सगळं दार या दोन आणि तीनवर उभं आहे. मिस्त्री ‘थ्री एट्थ्स’ म्हणाला की माझा हात ‘तीन सूत’ ऐकतो.

खाच मधोमध यावी म्हणून मोजत बसायचं नसतं. पट्टी पात्यावरून एकदा न्यायची, मग उलटून दुसरी बाजू टेकवून तशीच पुन्हा न्यायची. पातं केसभर इकडंतिकडं असलं तरी खाच मध्येच येते. हे आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हुशार आहे की.” मशीन की मी, ते विचारायचं राहिलं.

पहिल्या महिन्यात मी 24 आडव्या पट्ट्या वाया घालवल्या. दार 15 इंच रुंद. दोन्ही उभ्या पट्ट्यांचे सव्वादोन-सव्वादोन गेले, उरले साडेदहा. मी साडेदहावर कापल्या. कुसूचे दोन्हीकडचे तीन-तीन सूत, म्हणजे पाऊण इंच, धरायचेच विसरलो. सव्वाअकरा हवे होते. मालक ओरडले नाहीत. त्या 24 पट्ट्या त्यांनी माझ्या बाकाशेजारी उभ्या करून ठेवल्या आणि दोन महिने कोणाला हलवू दिल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

पण खरा धडा थंडीनं दिला. तिकडं जानेवारीत बाहेर उणे 20 आणि घरात भट्टी चालू. हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात, ब्लँकेट ओढलं तर ठिणग्या उडतात. आणि लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. गेल्या गेल्याच मी गडद निळ्या दारांचं एक किचन केलं होतं, उन्हाळ्यात, मधली फळी पॉप्लरची. पॉप्लर म्हणजे तिकडचं रंगासाठीचं हुकमी लाकूड, हिरवट झाक असलेलं, मऊ. फेब्रुवारीत गिऱ्हाइकाचा फोन आला, दारांना पांढऱ्या रेघा पडल्यात. जाऊन बघतो तर प्रत्येक फळीच्या उभ्या कडेला कच्च्या लाकडाची धागाभर रेघ. फळी आकसून खाचेतून बाहेर सरकली होती आणि जिथं रंग पोचलाच नव्हता तो भाग उघडा पडला होता.

गंमत म्हणजे फळी सरकली हे बरोबरच झालं होतं. आप्पा मला लहानपणी हातावर फटका देऊन सांगायचे, चौकटीला सरस लाव, फळीला लावायचा नाही. फळी कोंडलीस तर पावसाळ्यात चौकट फोडून बाहेर येईल. चुकलं होतं ते रंगाचं. फळी आधी रंगवून मग खाचेत घालायला हवी होती. तेव्हापासून आमच्या शॉपनं रंगाच्या दाराला लाकडाची फळीच बंद केली. आता दोन सुताची एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा सरसात दाबून केलेली फळी. ती ना फुगते ना आकसते, म्हणून बिनधास्त सरस लावून चिकटवायची, दार उलट दगडासारखं होतं. उरतो तो फक्त उभ्या-आडव्या पट्टीच्या जोडावरचा केसाएवढा तडा. एक पट्टी रुंदीत आकसणार, दुसरी लांबीत आकसणार नाही, मधला रंग बिचारा किती ताणणार? तो येतोच. गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवतो.

‘ना फुगते ना आकसते.’ हे वाक्य मी गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत अक्काला बेळगावच्या शहापुरात ऐकवलं. तिचं नवं स्वयंपाकघर व्हायचं होतं. ओट्याखालची सहा शटरं मीच करतो म्हटलं. उगाच. तीन आठवड्यांची रजा, चवथ तोंडावर, बाहेर पावसाची झड लागलेली.

उद्यमबागेत चुलतभावाचं छोटं वर्कशॉप आहे, शेजारी फाउंड्री. दादाच्या मशीनवर पट्ट्या काढल्या. साग घ्यायला आप्पांची सक्त मनाई, सागावर रंग मारलेला त्यांना बघवला नसता. म्हणून स्टीम बीच, म्हणजे वाफवलेलं बीचचं लाकूड घेतलं. गाठ नाही, तेल नाही, रेषा बारीक. मधली फळी, अर्थातच, एमडीएफ. दोन दिवसांत सहाही चौकटी क्लॅम्पमध्ये. दोन्ही कर्ण मोजले, अर्ध्या सुताचाही फरक नाही. सपाट फरशीवर ठेवून चार कोपरे दाबून बघितले, पीळ नाही. कॅनडाला गेल्यापासून पहिल्यांदाच मी आप्पांच्या देखत काम करत होतो. ते खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि काही बोलत नव्हते, म्हणजे सगळं ठीक.

रंगाला मात्र बेळगावच्या पावसानं पाणी पाजलं. आमचा पेंटर कानडी माणूस, हात अतिशय साफ. अस्तर मारलं, घासलं, पुन्हा मारलं. एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखं अस्तर पिते, तिला तीन हात लागले. कडा मी पॉलिश पेपरनं किंचित मोडून दिल्या होत्या, कारण धारदार कडेवर रंग टिकत नाही, वाळताना मागं ओढला जातो आणि तिथूनच उडतो. हे सगळं केलं आणि शेवटचा लॅकरचा हात वाळता वाळता पांढरा पडला. काचेवर श्वास सोडल्यावर येतं तसं धुकं. हवेतलं पाणी ओल्या थरावर बसलं होतं. मी डोक्याला हात लावला. पेंटर म्हणाला, “आत् बिडरी,” म्हणजे होतंय, सोडा हो, आणि चार हॅलोजन लावून खोली तापवली, सकाळी पुन्हा घासून नवा हात मारला. चवथीच्या आदल्या रात्री अकराला शेवटची बिजागरी बसवली. मोरपिशीकडे झुकणारा करडा रंग. शेजारच्या बायका बघायला आल्या. एकीनं अक्काला विचारलं, “परदेशातनं आणलं काय गं?”

मी विमानात बसलो तेव्हा स्वतःवर फार खूश होतो.

पहिली तक्रार दिवाळीआधी आली. सपाट फळीच्या खाली, आडव्या पट्टीवर, जो सहा सुतातला दोन सुताचा काठ राहतो ना, त्यावर फोडणीचं तेल आणि पीठ बसतं. “त्या खाचेत बोट घालून पुसत बसू काय मी?” तिकडच्या लोकांना हा प्रश्न पडत नाही असं नाही, पण ते मोहरी तडतडवत नाहीत.

दुसरी तक्रार या जुलैत. अक्कानं व्हिडिओ कॉल केला, काही बोलली नाही, फोन सिंकखालच्या दोन शटरांसमोर धरला. तळाशी एमडीएफ फुगली होती. आई मागून म्हणाली, “भाकरीगत फुगलीय बघ, पापुद्रा पण सुटलाय.” मग कळलं, दर सणाआधी आई अक्काकडे जाते आणि ओट्यापासून खाली फरशीपर्यंत बादलीनं पाणी ओतून, खराटा लावून सगळं धुते. आपल्याकडे स्वयंपाकघर पुसत नाहीत, धुतात. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तीस वर्षं आईच्याच घरात वाढलो. किचनरमध्ये लोक शटरावरून ओलं फडकं फिरवतात, तेवढंच पाणी माझ्या डोक्यात राहिलं होतं. वरून ओघळलेलं पाणी खालच्या खाचेत साचायचं आणि फळी ते खालून प्यायची. कोरड्या थंडीचा इलाज मी झडीच्या गावात नेऊन चिकटवला होता. चिकटवला म्हणजे अगदी सरस लावून, काढून बदलताही येऊ नये असा.

मी म्हटलं, दादाला सांगतो, पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची फळी घालून दोन नवीन करून देईल. पेंटरकडे रंगाचा नंबर आहे. तेवढ्यात आप्पांनी फोन घेतला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

“मापं सांग.”

सांगितली. उंची, रुंदी, पट्टी सव्वादोन, खाच दोन सूत, खोल तीन.

“फळी मोकळी ना?”

“मोकळीच ठेवा, आप्पा.”

गोठ्याच्या जुन्या दाराची सागाची फळी त्यांनी ठेवली होती, किती वर्षांपासून देव जाणे. ती त्यांनी रंधून कडेला दोन सुतांपर्यंत उतरवली आणि बिनसरसाची बसवली. खालच्या खाचेला मागून दोन बारीक भोकं पाडली, पाणी निघून जायला. हे मला कधी सुचलं नव्हतं. रंग नाही, नुसतं जवसाचं तेल. दाजी म्हणाले, निदान त्याच रंगात रंगवू. आप्पांनी ऐकल्यासारखं केलं नाही.

आता अक्काच्या ओट्याखाली चार शटरं करडी आहेत आणि सिंकखालची दोन सागाची, तपकिरी. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ही दोनच वेगळी का? अक्का सांगते, भाऊ कॅनडाला पळाला, पैसे संपले.