आमची वाटचाल : बाल्कनीपासून सुरुवात

२०१६मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे आभासी दृश्य दाखवणारे, डोळ्यांवर लावायचे हेडसेट बाजारात आले, तेव्हा आम्ही तिघं इमारतींचे आभासी नमुने करून देत होतो. अशाच एका नमुन्यातली विसाव्या मजल्यावरची बाल्कनी बघायला एक गृहस्थ आले. दोन पावलं टाकली आणि मटकन खालीच बसले. हेडसेट उतरवला तरी हाताची थरथर थांबेना. ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, यावर तर उपचार उभा आहे!"

वाचायलाही त्यांनीच दिलं. बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांच्या गटाने अमेरिकेत १९९५मध्येच उंचीच्या भीतीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. आभासी पूल, बाल्कन्या, काचेची लिफ्ट. चित्रं आजच्या मानाने ओबडधोबड, तरी लोकांना घाम फुटत होता आणि भीती कमीही होत होती. मग थेरपिस्टना वापरता येईल अशी उंचीच्या भीतीवरची आभासी बाल्कनी आम्हीही करायला घेतली. पण हे वाचूनसुद्धा आम्ही सहा महिने काचेवरची झळाळी आणि भिंतींवरच्या सावल्याच घोटत बसलो.

थेरपिस्टबरोबर उपचाराची सत्रं सुरू झाली आणि चुका दिसू लागल्या. बटण दाबलं की दृश्य पुढे सरकायचं; डोळे म्हणत चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणे जागेवरच आहोत. लोकांना मळमळायचं. आता हा घाम भीतीचा की मळमळीचा, हे थेरपिस्टनी ओळखायचं कसं? ते सरकणं आम्ही काढूनच टाकलं. आता माणूस स्वतःच्या पायांनी चालतो.

मात्र सर्वांत मोठा धडा एका ताईंनी दिला. त्या आठ मिनिटं कठड्याशी उभ्या होत्या. समोरच्या पडद्यावर आम्हाला खालचा रस्ता लख्ख दिसत होता, सगळे खूश. हेडसेट काढल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी डोळे मिटूनच होते." जे बघण्यासाठी आल्या, ते त्यांनी बघितलंच नव्हतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. तेव्हापासून खालच्या रस्त्यावर लाल छत्र्या फिरतात. किती दिसल्या, हे मोठ्याने मोजायचं. मोजायला वाकावं लागतं, वाकायला कठडा सोडावा लागतो. त्याच ताईंनी तिसऱ्या सत्रात अकरा मोजल्या. त्या आकड्याचा आम्हाला झालेला आनंद अजून तसाच आहे.

त्यानंतर आमचं बहुतेक काम थेरपिस्टच्या हातातल्या पॅनेलवर झालं. मजला, कठड्याची उंची, वारा, गर्दी, सगळं त्यांच्या बोटाखाली. भीती शून्य ते शंभरमध्ये सांगायची, ही जुनी मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. तिच्याआधी आम्ही एक प्रश्न ठेवला : आता काय होईल असं वाटतं? कुणी सांगतं, पाय आपोआप पुढे जातील. कुणी म्हणतं, कठडा तुटेल. ते लिहून ठेवायचं आणि सत्र संपल्यावर दोघांनी मिळून वाचायचं. भीतीचा आकडा फारसा उतरला नसला तरी "तसं काही झालं नाही" हे स्वतःच्या तोंडून निघणं मोलाचं असतं.

सुई आणि रक्ताच्या भीतीचं दृश्य मात्र खुर्चीत बसूनच दाखवतो. त्यात रक्तदाब आधी चढून मग एकदम घसरू शकतो आणि भोवळ येते. म्हणून थेरपिस्ट आधी हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतात. फिट्स येणाऱ्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू देत नाही.

२०१८मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने दाखवलं की उंचीच्या भीतीवर थेरपिस्टऐवजी दृश्यातला आभासी मार्गदर्शकही परिणाम साधू शकतो. आम्हालाही विचारणा झाली, थेरपिस्ट वगळून घरोघरी विका म्हणून. आम्ही नाही म्हणालो. डोळे मिटल्याचं त्या ताईंनी पडद्याला सांगितलं नसतं, समोरच्या माणसाला सांगितलं.

सध्याच्या आवृत्तीत सत्राच्या शेवटी एक रकाना आहे : या आठवड्यात खरोखर कुठे चढणार? तो भरल्याशिवाय सत्र बंद होत नाही. ताईंच्या नोंदीत लिहिलं होतं, "बहिणीची गच्ची. कपडे वाळत घालायला."