नेमणूक झाली, पण काम आत्ता सुरू होतंय

अखेर आज ठरलं. आमच्या संस्थेच्या नव्या कार्यकारी संचालकांच्या नावावर विश्वस्त मंडळाने शिक्कामोर्तब केलं. नियुक्तीपत्र उद्या निघेल. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मला मात्र बैठक संपल्यापासून चैन नाही. निवड चुकली म्हणून नव्हे, उलट इतकी चांगली व्यक्ती आपण एकटी पाडून घालवू की काय, ही धास्ती आहे.

ताई, म्हणजे या नव्या संचालक, घरकामगारांची संघटना बांधत वर आलेल्या. ज्यांच्या हक्कांसाठी आम्ही लढतो, त्यांच्यातल्याच एक. मुलाखतीत आम्ही नेहमीचंच विचारलं: पुढची दिशा, निधी, माणसं कशी सांभाळणार. शेवटी त्यांनी आम्हाला दोन प्रश्न केले. संस्था सोडून गेलेल्यांपैकी कुणाशी बोलता येईल का? आणि तत्त्वात बसत नाही म्हणून मी एखादी मोठी देणगी नाकारली, तर मंडळ माझ्या पाठीशी उभं राहील का? पहिल्याला खजिनदारांनी लगेच होकार दिला. दुसऱ्यावर जो तो समोरचे कागद चाळू लागला. मग अध्यक्ष म्हणाले, “प्रसंग बघून ठरवू.” ताईंनी ते शब्द वहीत टिपून घेतले आणि मान डोलावली.

त्या उत्तराची मला लाज वाटते.

मिशेल रायन आणि अलेक्झांडर हास्लम या संशोधकांनी 2005 मध्ये ‘काचेचा कडा’ ही कल्पना मांडली. ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांत स्त्रियांना संचालक मंडळावर घेतलं जायचं तेव्हा त्याआधीचे काही महिने कंपनीची घसरण चाललेली असायची, असं त्यांना आढळलं. म्हणजे संधी मिळते ती कड्याच्या टोकावर. आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? मोठं अनुदान संपत आलंय, अनुभवी कार्यकर्ते बाहेर पडलेत, गंगाजळी तुटपुंजी. अशा वेळी ताईंना खुर्ची द्यायची आणि वर्षभरात आकडे मागायचे, हा न्याय नव्हे.

शिवाय रुळायला वेळ मिळेल याची खात्री कुणाला? अँथनी रोमेरो यांनी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची सूत्रं घेतली ती 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांच्या जेमतेम आठवडाभर आधी. ते पुढे दोन दशकांहून जास्त काळ टिकले. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेची गोष्ट वेगळी. केनेथ रॉथ 1993 पासून 2022 पर्यंत तिथे प्रमुख होते. त्यांच्यानंतर मार्च 2023 मध्ये नेमल्या गेलेल्या तिराना हसन 2025 च्या सुरुवातीला बाहेरही पडल्या. आत काय घडलं ते आतल्यांनाच ठाऊक. पण इतक्या दीर्घ कारकिर्दीनंतर येणाऱ्याची वाट सोपी नसते, एवढं मला कळतं.

आमच्या संस्थापक सरांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. अटक झालेल्या कार्यकर्त्याच्या घरून रात्री-अपरात्री फोन येतो तो त्यांनाच, आणि ते उचलतात. देणगीदार त्यांना ओळखतात, वकील त्यांच्या शब्दावर फी न घेता उभे राहतात. म्हणूनच आज त्यांना मानद सल्लागार करून शेजारची खोली द्यावी असा प्रस्ताव आला, तेव्हा मी विरोध केला. खोली शेजारी असली की फाइल आधी तिथेच जाणार. सरांनी स्वतःच विषय संपवला. म्हणाले, “सहा महिने मी कचेरीत फिरकणार नाही. देणगीदारांना आणि वकिलांना भेटायला मात्र ताईंबरोबर जाईन, आणि बोलतील त्या.” बँकेतल्या सह्या बदलायचा अर्जही त्यांनी तिथेच भरून दिला. चार दशकांचं काम असं सोडून देणं किती कठीण, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सरांनी त्यांचं केलं. मंडळाने काय केलं?

रात्री बसून ठरावाचा मसुदा लिहिला. तत्त्वांच्या कारणावरून संचालकांनी देणगी नाकारली, तर मंडळ तो निर्णय संस्थेचा मानेल आणि ती तूट भरून काढण्याची जबाबदारी विश्वस्तही घेतील. पहिल्या वर्षाचं मूल्यमापन निधीच्या आकड्यावर होणार नाही. दर महिन्याला एक विश्वस्त ताईंबरोबर बसेल, हिशेब मागायला नव्हे, अडचणी ऐकायला. मसुदा अध्यक्षांना पाठवलाय, उत्तर अजून नाही. सकाळी पत्र निघायच्या आत त्यांना फोन करणार आहे. हा ठराव त्या पत्राला जोडूनच जायला हवा.