आमची वाटचाल : पत्रा, रीप आणि फळी

आबा पेणला दारं-खिडक्या करायचे. मी फॅब्रिकेशनमध्ये शिरलो तेव्हा ‘सुताराचं पोर वेल्डिंग करतंय’ म्हणून महिनाभर धड बोलले नाहीत. आमचं सूत जुळलं ते कंटेनरमुळे.

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि पुढे उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनरची यार्डं उभी राहिली. जहाजावरून बाद झालेले डबे आम्हाला हाकेच्या अंतरावर. सुरुवातीला त्यांची साइट ऑफिसं करून द्यायचो. खिडकी कापायची, आतून प्लाय मारायचा, रंग फासायचा, झालं. मग कर्जतच्या एका डॉक्टरांना आंब्याच्या बागेत वीस फुटी केबिन हवी झाली. अट एकच, ‘पत्रा दिसता कामा नये.’

आबांनी पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळवलं. एका फळीत मोडका खिळा राहिला होता, त्यावर रंध्याचं पातं गेलं. तेव्हापासून जुन्या फळीवरून आधी लोहचुंबक फिरतं. फळ्या थेट पत्र्यावर, साध्या लोखंडी स्क्रूंनी बसवल्या. मे महिन्यात काम इतकं देखणं दिसत होतं की मी फोटो व्हिजिटिंग कार्डावर छापला. हौस!

ऑगस्टमध्ये डॉक्टरांचा फोन. ते चिडले नव्हते, त्यामुळे जास्तच लागलं. जाऊन बघतो तर प्रत्येक स्क्रूखाली काजळ ओघळल्यासारखा काळा डाग. सागातलं टॅनिन आणि लोखंड ओल्यात एकत्र आले की हे होणारच. खालच्या दोन फळ्या पिळवटल्या होत्या. एक उचकटली, तर मागे सगळं घामेजलेलं आणि कोपऱ्यात बेडूक बसलेला. कंटेनरचं कॉर्टेन पोलाद गंजत नाही, असं मी छातीठोक सांगायचो. त्याचा वरचा गंज त्याला जपतो हे खरं, पण अधूनमधून वाळायला मिळालं तर. सतत ओल राहिली की तेही खाल्लं जातं.

आबा कितीतरी वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, “पावसाळ्यात पडवीला झापं बांधायचो, ती काय भिंतीला चिकटवायचो का रे?”

नाही. चांगली वीतभर पुढे असायची. पाऊस झापांनी खायचा, मधून वारा खेळायचा, कूड कोरडा.

सगळं लाकूड स्वखर्चाने उतरवलं. आता आधी पत्र्याला गंजरोधक रंग, मग छोटे कोन वेल्ड करून त्यांना उभ्या रिपा. आडव्या मारल्या तर पाणी त्यांच्यावरच अडतं. मधल्या जागेत दोन इंच रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर, त्यावर पाणी रोखणारा कागद, पुढे इंचभर पोकळी आणि शेवटी आडव्या फळ्या, वरची खालचीवर चढलेली. पोकळी खाली-वर उघडी, तिथे उंदीर आणि गांधीलमाश्यांसाठी जाळी. स्क्रू स्टेनलेसचे. फळीचं कापलेलं टोक तेल पाजल्याशिवाय बसवायचं नाही, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितं.

रॉकवूल आतून का नाही, असं गिऱ्हाइकं विचारतात. आतली रुंदी जेमतेम ७ फूट ८ इंच, त्यातून दोन्हीकडचे तीन-तीन इंच गेले की खोलीचा बोळ होतो. बाहेरून घातलं की पत्राही तापत नाही. मात्र मूळचा ८ फुटी डबा या सगळ्यामुळे २.६ मीटरच्या वर जातो, आणि गाडीला रस्त्यावर तेवढीच रुंदी चालते. म्हणून फळ्या जागेवर नेऊनच ठोकतो. शिवाय हायड्रा क्रेनच्या पट्ट्याने एकदा तयार भिंत चेपली होती, ते वेगळंच.

भिंत कापली की बॉक्स पाइपची चौकट भरायचीच, यावर आम्ही वाद घालत नाही. चारही कोपऱ्यांचे ओतीव ठोकळेही झाकून देत नाही. डबा उचलायचा तो तिथूनच, उद्या हलवायचा झाला तर?

डॉक्टरांचं लाकूड आता राखाडी पडलंय. पॉलिश करू का विचारलं, तर नको म्हणाले. काळ्या ओघळांची जुनी फळी आबांनी वर्कशॉपच्या दाराशी टांगली आहे. नवा पोरगा कामाला आला की पहिला चहा तिच्यासमोर.

सध्या मुरुडला समुद्रालगतचं काम हातात आहे. तिथल्या खाऱ्या वाऱ्यात नेहमीच्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा स्क्रू टिकणार नाही, ३१६ ग्रेडचाच लागेल. तो महाग, म्हणून मालकांशी घासाघीस चालू आहे.