किथिराचा हॅरी: सासूबाईंच्या आजोबांचा कागदोपत्री शोध

माझ्या सासूबाईंचे आजोबा ग्रीसच्या किथिरा बेटावरून ऑस्ट्रेलियात आले, दुकान काढलं, ते बुडालं आणि बायको-चार मुलांना टाकून निघून गेले. घरात एवढंच माहीत होतं. फोटो एकही नाही, आजीने सगळे जाळले म्हणतात. लग्न होऊन मी पुण्याहून सिडनीला आले तेव्हा त्या माणसाचा विषय काढायचा नाही, हे मला पहिल्याच ईस्टरला बजावलं गेलं. पण पंच्याहत्तरी जवळ आली तसं सासूबाईंनाच राहवेना. आपले आजोबा कुठे मेले हे तरी कळू दे, असं त्या म्हणाल्या आणि शोधाचं काम माझ्याकडे आलं. आजोबांचं बाप्तिस्म्याचं नाव हारालाम्बोस, इथे झाले हॅरी. आडनाव आणि ते ज्या गावी राहिले त्याचं नाव मी देत नाही, कारण घरातल्या सगळ्यांनाच ते उघड व्हायला नको आहे.

आमच्या घराण्याच्या पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत एका बैठकीत सापडल्या होत्या. इथे तशी एकच एक वही नाही. एका माणसाचे कागद केंद्राच्या अभिलेखागारात, राज्याच्या अभिलेखागारात, जन्म-मृत्यू नोंदणीत, जुन्या वर्तमानपत्रांत आणि समुद्रापलीकडच्या बेटावर विखुरलेले असतात, आणि प्रत्येक ठिकाणी आडनावाचं स्पेलिंग निराळं. ज्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

सुरुवात नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे केंद्राच्या अभिलेखागारात करावी, हा माझा पहिला सल्ला. १९०४ पासून नागरिकत्वाचे अर्ज केंद्र सरकारकडे येऊ लागले, त्या फायली तिथे आहेत आणि बऱ्याचशा घरबसल्या वाचता येतात. हॅरींचा अर्ज १९२२ चा निघाला. जन्मगाव, बोटीचं नाव, कुठल्या बंदरात उतरले, त्यानंतर कुठे कुठे राहिले, सगळं त्यांच्याच सहीने. १९०८ साली सतरा वर्षांचा मुलगा इजिप्तमधल्या पोर्ट सैदला बोटीत चढला आणि सिडनीत उतरून थेट न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातल्या एका रेल्वेच्या गावी नात्यातल्या माणसाच्या दुकानात कामाला लागला. किथिराहून येणाऱ्यांची वाट ठरलेली होती. १८७८ मध्ये कोमिनो नावाच्या किथिरी माणसाने सिडनीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मासळीचं दुकान काढलं, आणि पुढे गावोगावी कालवांची दुकानं, म्हणजे ऑयस्टर सलून, पसरली. आधीचा नंतरच्याला बोलावून घेई. पोरं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबत, झोपायला दुकानाच्या मागची खोली.

अर्जात जन्मतारीख १० फेब्रुवारी होती. किथिराच्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत मात्र जून निघाला, तेव्हा मला वाटलं हा माणूसच दुसरा. नवऱ्याच्या मावशीने उलगडा केला. १० फेब्रुवारी हा संत हारालाम्बोसचा दिवस. त्या पिढीतले ग्रीक लोक वाढदिवस नव्हे, नावाचा दिवस पाळत, आणि फॉर्मवर तारीख मागितली की तीच सांगत. त्यात ग्रीसमध्ये १९२३ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, तो बारा-तेरा दिवसांचा फरक वेगळाच. त्यामुळे अशा शोधात तारखेवर विसंबू नये, बापाच्या नावावर विसंबावं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची त्यांची रीत, त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे चार चुलतभाऊ असतात. बापाचं नाव लावलं की गुंता सुटतो, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला लागत नाही. शिवाय किथिरावर एकाच आडनावाची इतकी घरं आहेत की प्रत्येक शाखेला स्वतःचं टोपणनाव आहे. ते सासूबाईंना आठवत होतं, म्हणून आम्ही योग्य घरापर्यंत पोहोचलो.

अर्ज नामंजूर झाला होता. नामंजूर अर्जाची फाइल जाड असते, कारण तिच्यात पोलिसांचा अहवाल असतो. परवान्याशिवाय दारू विकल्याबद्दल दंड झालेला, तोच आडवा आला. त्याच फायलीतून मी १९१६ च्या नोंदणीकडे गेले. पहिल्या महायुद्धात परदेशी नागरिकांना पोलिसांकडे नोंद करावी लागे आणि पत्ता बदलला की कळवावं लागे. ग्रीस तेव्हा तटस्थ होता, राजा कॉन्स्टंटाइनची राणी जर्मन कैसरची बहीण होती, आणि ऑस्ट्रेलिया सरकारने त्याच वर्षी देशातल्या ग्रीकांची गुपचूप मोजणी करून घेतली. डिसेंबरात अथेन्समध्ये दोस्त राष्ट्रांचे सैनिक मारले गेल्याची बातमी आल्यावर पश्चिमेकडे काल्गूर्ली-बोल्डरमध्ये जमावाने ग्रीकांची दुकानं फोडली. हॅरींच्या गावी एवढं झालं नाही, पण स्थानिक वर्तमानपत्रात 'एका ग्रीकाच्या' दुकानाची काच फुटल्याची चार ओळींची बातमी आहे आणि रस्ता त्यांचाच आहे.

ही बातमी नाव शोधून मिळाली नसती. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या मोफत संग्रहात मी नावाऐवजी 'ग्रीक', गाव आणि रस्ता असं शोधत गेले. त्या काळच्या बातमीदारांना ग्रीक माणसाचं नाव लिहायची गरज वाटत नसे. ते वाचताना राग येतो आणि तो यायलाच हवा, असं माझं मत आहे.

लग्न १९१५ चं. बायको आयरिश घरातली, त्याच गावात जन्मलेली. १९२० च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी माणसाची बायकोही परदेशी ठरली. म्हणजे नवऱ्याचा अर्ज नामंजूर झाल्यावर तीही आपल्याच जन्मगावी परकी राहिली. हे वाचून सासूबाई आजोबांवर नव्हे, पहिल्यांदाच सरकारवर चिडल्या.

दिवाळखोरीची फाइल शोधताना एक लक्षात ठेवावं: १९२८ पासून हा विषय केंद्राकडे गेला, त्याआधीच्या फायली राज्याकडे आहेत. हॅरींची १९२९ ची. देणेकऱ्यांची यादी वाचली की दुकान डोळ्यांपुढे उभं राहतं: मासळीवाला, बर्फवाला, पिठाचा व्यापारी, गल्ल्याच्या यंत्राचे थकलेले हप्ते. सगळ्यात मोठी रक्कम एका गाववाल्याची, लेखी करार नसलेली. नात्यातल्या माणसाचे पैसे बुडवून त्याच समाजात तोंड कसं दाखवायचं?

त्यानंतरचा कागद १९३० च्या पोलीस गॅझेटमधला. 'बायको-मुलांना टाकून गेलेले' असा त्यात वेगळा विभागच असे. वॉरंट आणि वर्णन: वय सुमारे ४०, मध्यम उंची, मोडकं इंग्रजी, डाव्या हाताला भाजल्याचा मोठा व्रण. आडनाव ओळखू येणार नाही इतकं चुकलेलं. पण १९१६ च्या नोंदणीतही डाव्या हाताचा तोच व्रण लिहिलेला आहे, उकळत्या तेलाने भाजलेला. त्या व्रणामुळे मला दोन्ही कागद एकाच माणसाचे म्हणता आले.

ते बेटावर का परतले नाहीत, हा प्रश्न घरात कायम विचारला जाई. किथिराचं जुनं दप्तर होरा या बेटावरच्या मुख्य गावी, किल्ल्यातल्या अभिलेखागारात आहे. तिथे पुरुषांची नोंदवही असते, सैन्यभरतीसाठी ठेवलेली. हारालाम्बोसच्या नावापुढे शेरा आहे: बोलावणं आलं तेव्हा हजर नाही. बाल्कन युद्ध सुरू झालं १९१२ मध्ये, तेव्हा ते एकवीस वर्षांचे, हजारो मैलांवर मासे तळत होते. तिकडे सैन्य चुकवलेला, इकडे वॉरंट निघालेला. म्हणून त्यांनी केलं ते योग्य ठरत नाही. आजीने चार मुलं लोकांचे कपडे धुऊन वाढवली, ते कुठल्याही कागदात नाही आणि म्हणूनच मी ते इथे लिहिते आहे. चांगल्या वर्षांची नोंद कुणी केलीच नाही. कागद झाले ते पोलिसांकडे, कोर्टात, सावकाराच्या वकिलाकडे.

मृत्यूची नोंद बापाच्या नावाने सापडली. न्यू साउथ वेल्समध्ये तीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूंची सूची खुली असते आणि तीत आई-वडिलांची नावंही असतात. बाप 'इमॅन्युएल', जन्म ग्रीस, असं चाळत गेले आणि १९३८ चा दाखला मागवला. ठिकाण कॅलन पार्क, सिडनीचं मनोरुग्णालय. लग्न आणि मुलं या रकान्यांत 'माहीत नाही'. दफन रुकवुडच्या दफनभूमीत. ते घरापासून रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर होते आणि घरच्यांना कुणी कळवलं नाही. सासूबाई दाखला हातात घेऊन खूप रडल्या. मीही.

रुग्णालयाची फाइल ११० वर्षं बंद असते. नात म्हणून सासूबाईंच्या सहीने अर्ज गेला आहे, उत्तर यायचं आहे. अशा अर्जाला जोडायला नातं सिद्ध करणारे सगळे दाखले आधीच जमवून ठेवावेत, एक कडी जरी सुटली तरी तो परत येतो.

दुसरं काम ग्रीसमधलं. किथिराच्या नोंदवहीत हारालाम्बोसच्या नावापुढे लग्नही नाही आणि मृत्यूही नाही. परदेशातल्या अशा घटना अथेन्सच्या विशेष नोंदणी कार्यालयात नोंदवता येतात, त्यासाठी इथल्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी प्रमाणन, आणि ग्रीक भाषांतर लागतं. मृत्यूचा दाखला तयार आहे, पण तो आम्ही अजून पाठवलेला नाही. आधी लग्न नोंदवायचं, असं सासूबाईंचं म्हणणं आहे, कारण आजीचं नाव त्या वहीत आलंच पाहिजे. १९१५ च्या दाखल्याचं भाषांतर सध्या चालू आहे.