केसर आंबा टिकवायचा तर एप्रिलातच फिरा: सेलू, जालना, हिमायतबाग

गेल्या साली पुण्याच्या पाहुण्यांना केसरच्या बारा पेट्या ट्रॅव्हल्सनं पाठवल्या. चौथ्या दिवशी फोन, "दाजी, देठापाशी काळं पडलंय." देठकूज! अढी नीट लागली नाही, गाडीत माल तापला, असं सगळं बोलून झालं. मनाला पटेना. म्हणून या वर्षी आंबा उतरवायच्या महिनाभर आधी दुसऱ्यांच्या बागा बघायचं ठरवलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मेव्हण्याला घेऊन सेलूहून सकाळची रेल्वे धरली आणि जालन्याला उतरलो.

आधी कडवंची. पाणलोटाच्या कामामुळं नावारूपाला आलेलं गाव, जिकडं बघावं तिकडं शेततळी आणि द्राक्षाचे मांडव. हंगाम संपत आला होता, तरी एका काकांच्या शेवटच्या प्लॉटवर घड होते. आम्हाला आंब्याचं विचारायचं होतं, पण दोन तास गेले ते कॅल्शियममध्ये, आणि ते सत्कारणी लागले.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं. पेशींना धरून ठेवणारा जो डिंक असतो, त्याला कॅल्शियमनं घट्टपणा येतो. साल कणखर राहते, बुरशीला आत शिरायला वेळ लागतो. पण कॅल्शियम मुळातून वर चढतं ते पाण्यासोबत, आणि पाणी ओढतात पानं. फळाच्या वाट्याला थोडंच येतं. पानावर पडलेलं तर पानातच बसतं. "तुम्ही झाड धुऊन काढता, फळ कोरडंच ऱ्हातंय," काका म्हणाले. आम्ही एकमेकांकडं बघितलं. नोझल कायम शेंड्याकडं, आमचंही तेच.

मग त्यांनी प्लास्टिकचे दोन ग्लास मागवले. एकात कॅल्शियम नायट्रेट विरघळवलं, दुसऱ्यात 0:52:34, म्हणजे स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत. दोन्ही पाणी स्वच्छ. एकात एक ओतलं तर क्षणात दूध नासल्यासारखं झालं, तळाला पांढरा चोथा. मेव्हण्यानं हळूच कबूल केलं की मागच्या वर्षी त्यानं हेच एका टाकीत कालवलं होतं आणि फिल्टर का तुंबतो म्हणून पंपवाल्याशी भांडला होता. फॉस्फेट आणि सल्फेटवाली खतं कॅल्शियमसोबत नकोत, एवढं ध्यानात ठेवा. शंका आली तर आधी ग्लासात करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुपारनंतर बदनापूरच्या बाजूला एक केसरची बाग पाहिली. तिथं कॅल्शियम क्लोराईड वापरतात, एक टक्का, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम. ऊन उतरल्यावरच फवारतात. एका रांगेची पानं कडेनं करपलेली दिसली. मालकानं लपवलं नाही, गड्यानं मापाऐवजी मूठ वापरली होती. काही झाडांवर फळ अंड्याएवढं असतानाच कागदी पिशव्या घातलेल्या. पिशवीतली फळं डागाविना होती, फळमाशीचा त्रासही कमी. पण दीड एकराला तेवढे हात कुठून आणायचे? मी ते फक्त खालच्या फांद्यांपुरतं करणार आहे.

वाटेत कांद्याचं रान लागलं म्हणून थांबलो. निम्म्या पातीची मान पडली की काढणी, त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद, आणि शेवटच्या टप्प्यात युरिया नाही. चाळीत कांदा सडला की आपण चाळीला बोल लावतो, चूक मात्र आधी रानातच झालेली असते.

दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळची हिमायतबाग. मुघलकालीन बाग, आता तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. आधी फोन करून जा आणि सुट्टीचा वार टाळा. जुनी झाडं बघण्यासाठीच अर्धा दिवस ठेवा.

फळ टिकावं म्हणून फवारतात त्या हेक्झानलबद्दल बरेच जण विचारतात. ताज्या कापलेल्या गवताला जो वास येतो, त्यातला हा एक घटक. फळ मऊ पडताना पेशीचा पडदा तोडणारं एक विकर (एन्झाइम) काम करतं, त्याला हे रोखतं. कोइमतूरचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ आणि कॅनडातलं ग्वेल्फ विद्यापीठ यांनी आंब्यावर काम केलंय. फवारणी दोनदा, काढणीच्या 30 दिवस आधी आणि 15 दिवस आधी. पण या नावाखाली काहीही खपतं. आमच्याकडं एका दुकानात 'टिकाऊपणाचं टॉनिक' दाखवलं, बाटलीवर घटकाचं नावच नाही. घेतलं नाही. बुरशीनाशक घेतलंत तर लेबलवर आपलं पीक आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे दोन्ही वाचा.

जाणाऱ्यांनी सकाळी सातच्या आत बागेत असावं, दहानंतर मालकाला वेळ नसतो. आपला माती-पाण्याचा रिपोर्ट जवळ ठेवा, लेबलांचे फोटो काढा. सीताफळवाल्यांनी मात्र आत्ता धावपळ करू नये, अंबाजोगाईच्या सीताफळ केंद्राकडं ऑक्टोबरात जा. आणि प्रत्येक बागेत एकच प्रश्न विचारा: न फवारलेलं झाड कोणतं? तीन बागांत "सगळंच मारलंय" असं उत्तर आलं. मग फरक औषधानं पडला की यंदाच्या हवेनं, हे सांगणार कोण? फक्त बदनापूरच्या त्या मालकानं दोन झाडं सोडली होती.

घरी आल्यावर मी चार झाडांना लाल चिंधी बांधली, त्यांना काही मारायचं नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या बादलीत बुडणारी, म्हणजे पक्व झालेली फळंच निवडून, बोटभर देठ ठेवून उतरवणार. चिंधीवाल्यांचं एक कॅरेट, बाकीच्यांचं एक, दोन्ही एकाच खोलीत. बायको म्हणते, चिंधीवाले आधी खाऊन टाकू.