साठीनंतरचा साज

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या लग्नाला गेलात तर नवरदेवाकडे नंतर बघा, आधी वरबापाच्या मिशीकडे बघा. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, मंडपातले कूलर गरम वारा फेकताहेत, आणि आदल्या रात्री घाईघाईत लावलेला, नीट न धुतलेला कलप घामाबरोबर ओठाकडे निघालाय. ज्यांनी टोपी घातली त्यांचं निभावतं, पण फोटोसाठी टोपी काढली की कपाळावर काळी रेघ. बायकांची कथा थोडी वेगळी. केस काळेकुट्ट आणि भांगात बोटभर पांढरा पट्टा, म्हणजे मागच्या लग्नाला लावलं होतं आणि या लग्नाला वेळ मिळाला नाही.

मी नावं ठेवायला बसलेली नाही. मी स्वतः मेंदीवाली. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली मेंदी लावून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून मी दारात आलेल्या दूधवाल्याशी हिशोबावरून भांडलेली आहे. मेंदीत लॉसोन नावाचा रंग असतो. तो केसांतल्या केराटिनला धरून बसतो. काळ्या केसावर तो फारसा कळत नाही, पांढऱ्यावर मात्र भगवा उठतो. म्हणून मग लोक ‘काळी मेंदी’ घेतात. नाव मेंदी, पण पुष्कळदा आत पीपीडी हे रसायन. ते एखादीला सोसत नाही. कानामागे खाज, कपाळ लाल, कधी पापण्या सुजून डोळे उघडेनासे. आधी थोडं लावून ४८ तास वाट बघा, असं पाकिटावर छापलेलं असतं. पण ते इतक्या बारीक अक्षरात की ज्या वयात कलप लागतो त्या वयात ते वाचायला चष्माही लागतोच, आणि डोक्याला कलप थापलेला असताना चष्मा लावता येत नाही.

आमच्याकडे खरं म्हातारपण केसांवरून कळत नाही, ते उन्हावरून कळतं. कधी रात्री बांगड्या वर सरकवून मनगट बघा, नाहीतर ब्लाऊजची बाही थोडी वर करून दंड बघा. बाहीच्या आतली कातडी नितळ, लवचिक, चाळीस वर्षांपूर्वीची वाटावी अशी. बाहीच्या खाली तीच कातडी तांबूस-काळी, डागाळलेली, चिमटीत धरली तर सोडल्यावरही क्षणभर तशीच उभी. दोन्हींचं वय तर एकच, म्हणजे फरक केला तो सूर्यानं. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या आतलं कोलॅजन मोडतात, आणि त्यांतला एक प्रकार काचेतूनही आत येतो. २०१२ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. माणूस ६९ वर्षांचा, २८ वर्षं गाडी चालवलेली. त्यांच्याकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी निवांत. तो फोटो पाहिल्यापासून मी एसटीच्या चालकांचे उजवे गाल निरखत असते. अजून कोणी रागावलं नाही.

हे सगळं कातडीच्या डॉक्टरांच्या आधी आमच्या मजूर बायकांना ठाऊक. कापूस वेचायला निघालेली बाई बघा. नऊवारी किंवा सहावारी, त्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर पदर आणि पदरावरून रुमाल करकचून बांधलेला. शहरातल्या पोरी स्कूटीवर तोंडाला स्टोल गुंडाळतात, त्याला आमच्या पिढीनं केवढी नाकं मुरडली. आता वाटतं, त्या पोरी साठीला आल्या की त्यांचे गाल आमच्यापेक्षा नक्की बरे असतील. आमच्याकडचे पुरुष उन्हाळ्यात पांढरा रुमाल डोक्यावरून कानांवर ओढून घेतात, तोही उपयोगाचाच. फक्त लग्नात तो काढून खिशात घालतात आणि कलप उन्हाला दाखवतात.

साजाचं म्हणाल तर जळगाव सोन्याचं गाव. सराफ बाजारात दूरदूरची गिऱ्हाइकं येतात. पण त्या सोन्यानं आमच्या कानांची जी गत केली तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कानाच्या पाळीत हाड नाही, कुर्चाही नाही, नुसती कातडी आणि चरबी. तिच्यावर वर्षानुवर्षं जड झुबे लोंबत राहिले की भोकाची चीर होते आणि चीर खाली सरकत सरकत एक दिवस पाळी दुभंगते. माझ्या आत्याच्या दोन्ही पाळ्या अशा फाटल्या होत्या. तिनं त्यांच्या वर, थोडी जागा शोधून, नवी भोकं पाडली आणि झुबे पुन्हा चढवले! जुन्या बायकांकडे यावर चांगली सोय होती. कानातल्याला वेल लावून तो वर केसांत अडकवायचा, म्हणजे वजन पाळीवर न येता केसांवर जायचं. आम्ही वेल जुनाट म्हणून कपाटात टाकले आणि झुबे तेवढे ठेवले.

आता पाळी शिवून मिळते. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, थोडे टाके, आणि बाई त्याच दिवशी घरी. जखम भरायला काही आठवडे द्यायचे, मग शेजारी नवं भोक पाडायचं आणि तिथे हलकं काहीतरी घालायचं. या ‘हलकं’ शब्दावर आमच्या बायकांचा सगळा उपचार फिसकटतो. माझ्या ओळखीतल्या एकीनं पाळ्या शिवून घेतल्या, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना पुन्हा तेच झुबे, कारण माहेरच्या वहिनीला दिसायला हवेत. आखाजीचा सणच असा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि वर्षभरात कोण किती उतरलं, कोण किती सुटलं याचा सगळा पंचनामा झोक्याखाली होतो. तिथे कोणी लाजून बोलत नाही. ‘काय व माय, तू ते अजून तशीच दिखस!’ असं एखादीनं म्हटलं की समोरची खूश होते आणि लगेच सांगते, ‘कसानी तशीच, गुडघा दुखतस.’ एवढ्यात कोणी झोका मोकळा केला तर तेच गुडघे विसरून ती उभ्यानं झोका घ्यायला चढते. दोर घट्ट धरायची मूठ आणि फळीवर तोल सांभाळणारे पाय, हे दोन्ही अजून शाबूत असल्याचा तिचा तो जाहीर पुरावा असतो.

मूठ आणि पाय हे मी उगाच म्हणत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी उतरतात, साठीनंतर वेग वाढतो. चेहऱ्याला क्रीम लावणारी बाई मांडीच्या स्नायूला काही लावत नाही, कारण तो आरशात दिसत नाही. तो दिसतो रिक्षात चढताना. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी ताकद आणि तोल यांचा व्यायाम करावा, आणि एकूण चालणंबिलणं धरून निदान १५० मिनिटं घाम काढावा. मेहरूण तलावावर सकाळी गेलं की वाटतं, निम्म्या जळगावानं हे वाचलंय. साडीवर पांढरे बूट घातलेल्या बायका, साठीत पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालायला धजावलेल्या बायका, आणि त्यांच्या मागून चार पावलं अंतर ठेवून त्यांचे नवरे. ड्रेसचं मला फार कौतुक. सासू होती तोवर जमलं नाही, सून आली तेव्हा सुनेनंच आणून दिला. चालणं किती होतं सांगता येत नाही, कारण दर बाकड्याला कोणीतरी भेटतंच. पण त्या निमित्तानं आंघोळ करून, वेणीफणी करून, इस्त्रीचं काहीतरी घालून बाहेर पडणं तरी होतं. निवृत्तीनंतर माणूस जर कुठे ढासळत असेल तर तो दुपारी बारापर्यंत गाऊनमध्ये राहण्यात, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या कुणाकडे बोट नाही.

खाण्याचं मी लांबवत नाही. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी रोज पोटात जात असेल तर प्रथिनांच्या डब्याची जाहिरात बघून घाबरायचं कारण नाही. ज्वारीत जे लायसिन कमी पडतं ते उडीद भरून काढतो, आणि आजींना हे माहीत नसतानाही त्यांनी दोन्ही धान्यं एकत्रच दळायला दिली. फक्त वय वाढलं की तहान मंदावते. खान्देशच्या उन्हाळ्यात तहान लागायची वाट बघत बसलात तर कातडी सोडा, माणूसच सुकतो.

हिवाळ्यात मात्र खरी परीक्षा असते, शेतातल्या भरीत पार्टीत. बामणोदकडची हिरवी, भरल्या अंगाची वांगी काड्यांवर भाजून, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचलेली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, बाजूला कळण्याच्या पुऱ्या. केळीच्या पानांची पंगत जमिनीवर बसते. बसायला त्रास नाही, जमीन सगळ्यांना खाली ओढतेच. उठताना बघावं. कोणी शेजाऱ्याचा खांदा धरतं, कोणी एक गुडघा टेकून, मग हात टेकून, मग ‘आई गं’ म्हणून उठतं. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ गिल अराउजो यांनी याच गोष्टीची चाचणी केली आहे. बसायचे पाच गुण, उठायचे पाच, आणि हात-गुडघा जिथे टेकाल तिथे एकेक गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर माणसांना त्यांनी असं उठबस करायला लावलं, आणि ज्यांचे गुण कमी त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त आढळले. २०१२ मध्ये ते छापून आलं. तेव्हापासून पंगतीत माझं लक्ष भरताइतकंच लोकांच्या गुडघ्यांवर असतं.

मागच्या हिवाळ्यात अमळनेरकडचे एक काका आमच्या पंगतीत होते. केस पांढरेशुभ्र, मिशीही पांढरी, कशालाच काही लावलेलं नाही, धोतर परीटघडीचं. पंचाहत्तरी कधीच मागे पडलेली. जेवण झाल्यावर कुठेही हात न टेकता सरळ उठले. मी न राहवून विचारलं, ‘काका, हात न टेकता कसं काय जमतं?’

‘हात कसाले टेकू?’ काका म्हणाले, ‘हातमा पान शे ना!’ आणि दोन्ही हातांत उष्टं केळीचं पान सांभाळत ते गोठ्याकडे निघाले.