बोकडाची धमनी आणि पावसाळ्यातलं रेझिन

सकाळी साडेसहाला म्हापशात खाटकाच्या पुढ्यात बर्फाचा डबा घेऊन उभी राहिले. "कित्याक गो तुका हें?" त्याने विचारलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहायला मानेतली धमनी हवी, तीही कापल्या कापल्या, हे ऐकून तो हसला, पण दिली.

ही दुसरी खेप. पहिल्यांदा शुक्रवारच्या बाजारातून आरामात अकराला तुकडा घेतला, पिशवीत घालून बसने पणजीला आणला आणि मग पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या औषधात टाकला. तीन आठवड्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर आतलं अस्तरच गायब! हे अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, पेशींचा जेमतेम एक थर. खालच्या पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया फुगलेल्या. "मॅडम, रोग असेल का?" मी विभागातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं. "रोग कसला, तुझा उशीर दिसतोय."

म्हणून यंदा त्या औषधाची, २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडची, कुपी बर्फात सोबत नेली आणि तिथेच पायरीवर बसून ब्लेडने एकेक मिलिमीटरचे तुकडे केले. हे द्रावण हळू मुरतं, मोठा तुकडा आतून कच्चाच राहतो. पुढे ऑस्मियम टेट्रॉक्साइड. याची वाफ डोळ्यांना घातक, त्यामुळे सगळं फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात. तुकडे कोळशासारखे काळे होतात. ऑस्मियम चरबीला धरून बसतं. धमनीकाठिण्यात फोम पेशींमध्ये, म्हणजे चरबी गिळून फेसाळ दिसणाऱ्या पेशींमध्ये, साठलेले चरबीचे थेंब म्हणूनच उठून दिसतात.

मग तुकड्यातलं पाणी काढायला अल्कोहोल, मग घट्ट ब्लॉक बनवणारं रेझिन, ६० अंशांवर दोन दिवस. इथे जूनने दगा दिला. आमच्याकडे पावसाळ्यात मीठही हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, अल्कोहोलची उघडी बाटली कशी मागे राहील? तुकड्यात पाणी उरलं की रेझिन नीट घट्ट होत नाही. नखाने ठसा उमटावा इतके ब्लॉक मऊ. सगळे फेकले. उरलेल्या तुकड्यांना नवी सीलबंद बाटली फोडली, कुपीशेजारी सिलिका जेल ठेवलं, तेव्हा कुठे ब्लॉक खडखडीत निघाले.

काप घेणं हा हाताचा खेळ. काचेच्या सुरीवरून काप पाण्यावर तरंगत येतो आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग दाखवतो. जांभळा म्हणजे जाड, सोनेरी चालेल, रुपेरी हवा: साधारण ६० ते ९० नॅनोमीटर. पहिले दोन दिवस नुसता जांभळा. काप ठळक दिसावेत म्हणून लेड सायट्रेट हा शिशाचा रंग लावताना तर श्वाससुद्धा जपून; उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने शिशाचे काळे ठिपके पडतात.

या खेपेला अस्तर जागेवर होतं. त्याखालचा लवचीक पडदा मात्र नागमोडी. पुन्हा माझं "रोग?" आणि पुन्हा मॅडमची मान हलली. रक्ताचा दाब गेला की धमनी आक्रसते, पडद्याला चुण्या पडतात. ताणलेली हवी तर औषधच दाबाने वाहिनीतून सोडावं लागतं.

रोगाचा खरा फरक मॅडमनी विभागातल्या जुन्या ब्लॉकमध्ये दाखवला. मधुमेही उंदराच्या केशवाहिनीभोवतीचा तळपडदा, म्हणजे पेशींना बाहेरून आधार देणारा पातळ थर, निरोगीपेक्षा स्पष्ट जाड. तिथेच निरोगी उंदराच्या धमनीत तासभर शोधून मला वायबेल-पलाडे कण सापडले: १९६४ साली वर्णन झालेल्या, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्रथिनाच्या कांड्या. आडव्या कापलेल्या, आत नळ्यांचे ठिपके.

फोटो घरी पाठवला. आईचं उत्तर आलं, "भेंडी चिरलीस?"